वसईकराच्या घंटा

वसईकर गेल्याची बातमी आली त्या दिवशी बँकेतल्या आमच्या जुन्या मंडळींनी त्याच्याबद्दल भरभरून लिहिलं. सज्जन माणूस, हिशेबाला चोख, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यातच एकाने लिहिलं, 'इतकी वर्षं बरोबर काम केलं, पण तो ख्रिश्चन आहे हे कधी जाणवलंसुद्धा नाही.' त्याखाली हात जोडलेल्या खुणांची रांग लागली. लिहिणाऱ्याच्या मनात प्रेमच होतं, यात मला शंका नाही. तरी ते वाक्य मला लागलं. मी त्याच्याबरोबर निम्मा महाराष्ट्र पालथा घातला आहे, आणि तो ख्रिस्ती आहे हे जाणवलं नाही असा एकही दिवस मला आठवत नाही. जाणवायचं, ठळक जाणवायचं, आणि त्यामुळेच तो मला जवळचा वाटायचा.

आम्ही दोघं शाखा तपासणीला असायचो. तपासणी म्हणजे आज नाशिक, पुढच्या महिन्यात वाई, मग जुन्नर, मग श्रीरामपूर. लॉजवर मुक्काम, कॅशियरच्या घरचा चहा, रात्री उशिरापर्यंत व्हाउचरं. नव्या गावात उतरलो की मी बरी खाणावळ कुठे आहे हे विचारायचो आणि तो चर्च कुठे आहे हे विचारायचा. नाशकात ते सोपं होतं. वाईत नव्हतं. वाईला असताना रविवारी पहाटे तो अंधारातच उठायचा, पहिल्या एसटीने पसरणीचा घाट चढून पाचगणीला जायचा, मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, करून उतरायचा आणि मग नाश्ता करायचा. आधी पोटात काही घालायचा नाही. एकदा ताप होता. मी म्हटलं, आज राहू दे, देव समजून घेईल. तो शर्टाची बटणं लावत म्हणाला, "तो समजून घेईल रे. पण मला जायचंय." आणि गेला.

पँटच्या उजव्या खिशात त्याची जपमाळ असायची. लाकडी मण्यांची, इतकी वापरलेली की मण्यांचा रंग बोटांच्या रंगासारखा झाला होता. मधला एक मणी कधीतरी फुटून गेला होता आणि तिथे त्याने दोऱ्याची गाठ मारली होती. एसटी सुरू झाली की त्याचा हात खिशात जायचा. ओठ हलायचे नाहीत, पण खिशाच्या कापडाखालून बोटं एकेक मणी पुढे सारताना दिसायची. गाठ आली की बोट किंचित थांबायचं. त्या वेळेत मी त्याच्याशी बोलायचो नाही. हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं, मलाच ते कळत गेलं.

घंटांचा नाद त्याला लागला तो नाशकात. शनिवारी दुपारी बँक सुटल्यावर मी त्याला पंचवटीत नेलं. रामकुंडाजवळ नारोशंकराचं देऊळ आहे, १७४७ मध्ये नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधलेलं. त्याच्या दर्शनी भिंतीवर ती प्रसिद्ध घंटा टांगलेली आहे. मोठ्या आवाजात बोलणाऱ्याला नाशिककर नारोशंकराची घंटाच म्हणतात. मी माहीतगाराच्या थाटात सांगून टाकलं, "ही तुमच्या वसईची बरं का. लुटीत आलेली." तो वर बघत राहिला. मग त्याने पायातल्या चपला काढल्या आणि बाजूला सरकून, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वाटेत येणार नाही असा उभा राहिला. बराच वेळ. घंटेवर १७२१ हे साल आहे. म्हणजे ती वसईच्या मनोऱ्यात जेमतेम अठरा वर्षं वाजली असेल.

घाटावर चहा घेताना त्याने विचारलं, "ही कुठल्या चर्चची असेल?"

मी म्हटलं, आता ते कसं कळणार?

तेव्हा त्याने मला एक गोष्ट सांगितली, जी मला माहीत नव्हती. चर्चची घंटा मनोऱ्यात चढवण्याआधी बिशप तिला आशीर्वाद देतात. जुन्या विधीत पवित्र पाण्याने धूत, तेल लावत, धूप दाखवत. त्या विधीला लोक घंटेचा बाप्तिस्माच म्हणतात, कारण तिला नावही देतात. एखाद्या संताचं, पुष्कळदा मारियामातेचं. मग ती सकाळी, भर दुपारी आणि दिवेलागणीला आंजेलसच्या प्रार्थनेसाठी वाजते, मिस्साला बोलावते, गावात कुणी गेलं तर संथ ठोक्यांनी सांगते. "आमच्या निर्मळला माझ्या आज्याची घंटा वाजली, बापाची वाजली," तो म्हणाला. "हिलाही नाव असणार. ते आता कुणालाच ठाऊक नाही."

त्याला सगळ्यात जास्त बोचलं ते हेच. घंटा कुणी नेली आणि परत का दिली नाही, याचा हिशेब त्याने मांडला नाही. तिचं नाव हरवलं, याचं त्याला वाईट वाटलं.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा, कारण तो माझ्यापेक्षा त्याला जास्त नीट ठाऊक होता आणि तो त्यातलं काहीही लपवत नसे. वसई १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगिजांच्या हाती आली. पुढची दोनशे वर्षं त्यांनी तिथे किल्ला, चर्चं, मठ, पाठशाळा उभारल्या, आणि त्याच काळात आजूबाजूची देवळंही पाडली गेली. निर्मळचं क्षेत्रही त्यातून सुटलं नाही. चिमाजी आप्पांनी मे १७३९ मध्ये वसई घेतली. तटाखाली सुरुंग लावून, हजारो माणसं खर्ची घालून घेतली. शरण आलेल्या फौजेला सन्मानाने बाहेर पडू दिलं. चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून सरदारांनी आपापल्या देवांना वाहिल्या. भीमाशंकरला एक गेली, पालीच्या बल्लाळेश्वराला एक, मेणवलीला एक, नाशकाला ही. पोर्तुगीज गेले, पण बावखलांच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्यांच्या, कडेने केळी आणि पानवेली लावणारे ख्रिस्ती शेतकरी कुठे जाणार? ते तिथलेच होते. ते राहिले, आणि त्यांनी आपला धर्मही राखला. वसईकर त्यांच्यापैकी. सामवेदी ख्रिस्ती, ज्यांना कुपारीही म्हणतात.

मेणवलीला आम्ही बरोबर गेलो होतो ते वाईच्या तपासणीत. तो गेल्यानंतर मी एकटाच पुन्हा गेलो, दिवाळी आटोपल्यावर. सुरूर फाट्यावरून गाडी वळली तेव्हा शेतांत हळदीची पानं अजून हिरवी होती. वाईतून मेणवली अगदी जवळ. नाना फडणवीसांचा वाडा, सहा चौकांचा, भिंतींवर जुनी चित्रं. मेणवली दफ्तर म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना जे मोडी कागद ठाऊक आहेत ते इथलेच. वाड्याच्या मागच्या बाजूने पायऱ्या उतरल्या की कृष्णेचा घाट. सिनेमावाल्यांना हा घाट फार आवडतो, आणि का आवडतो ते तिथे उभं राहिल्यावर कळतं. पाणी वळण घेऊन येतं आणि दगडी पायऱ्याही त्या वळणाबरोबर वळतात. मेणेश्वराचं देऊळ आणि त्याच्याजवळच छोट्या दगडी घंटाघरात ती घंटा.

पंचधातूची आहे. अंगावर हिरवट छटा. तिच्या पोटावर बाळ येशूला घेतलेली मारिया आहे आणि १७०७ हे साल. पहिल्यांदा आलो तेव्हा वसईकराला ती मूर्ती दिसली आणि त्याचा चेहरा बदलला. तो अगदी हळू म्हणाला, "हिचं नाव कळलं." मारियेची मूर्ती आहे म्हणजे नावही तिचंच असलं पाहिजे असं काही नसतं, हे त्यालाही माहीत होतं. पण इतक्या घंटांनंतर एक तरी अशी भेटली होती जी आपण कोण ते सांगत होती. त्याने छातीवर क्रूसाची खूण केली, खिशातली जपमाळ काढून हातात घेतली आणि घाटाच्या पायरीवर बसून पूर्ण माळ म्हटली. उघड्यावर, माणसांसमोर त्याला माळ हातात घेतलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तिथे एक म्हातारे गृहस्थ फुलं घेऊन आले होते. त्यांनी पाहिलं, काही विचारलं नाही. देवळातून परत येताना त्याच्यापुढे खोबऱ्याचा तुकडा धरला. वसईकर उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, "आजोबा, मी ख्रिस्ती आहे. देवापुढचा प्रसाद मी घेत नाही. राग मानू नका." मी अवघडलो. आता काय होतंय या काळजीने मी दोघांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. आजोबांनी तुकडा माझ्या हातात दिला आणि त्याला म्हणाले, "मग घरी चला, चहा घ्या. तो काही देवापुढचा नसतो." आम्ही गेलो. चहाबरोबर शेंगदाण्याचे लाडूही खाल्ले. आजोबांनी त्याला वसईची सगळी हकीकत विचारली आणि त्याने सगळी सांगितली, देवळं पाडल्याचीसुद्धा.

परतताना मी त्याला म्हटलं, घेतला असतास तुकडा तर काय बिघडलं असतं? एवढं कोण बघतंय? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "त्यांच्यासाठी तो साधा खोबऱ्याचा तुकडा नाही. माझ्यासाठी मिस्साची भाकर साधी भाकर नाही, तसंच. मी गंमत म्हणून घेतला असता तर त्यांच्या देवाचा मान राखला असता का?"

ही गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे आणि ऐकणारे दोन प्रकारचे निघतात. काही म्हणतात, केवढा कर्मठ. काही म्हणतात, केवढा मोकळा. माझ्या मते दोघांचंही अर्धवट आहे. आपल्याकडे दुसऱ्या धर्माच्या माणसाचं कौतुक करायचं तर 'तो अगदी आपल्यासारखाच' असं म्हणायची सवय आहे. वसईकर आपल्यासारखा नव्हता. तो पूर्णपणे त्याच्यासारखा होता, आणि समोरच्यालाही पूर्णपणे त्याच्यासारखं राहू देत होता. सगळे धर्म एकच, असं कुणी म्हटलं तर तो मान हलवायचा नाही. 'एकच असते तर मी रविवारी पहाटे घाट कशाला चढलो असतो,' असं एकदा त्याने शाखाधिकाऱ्याला तोंडावर विचारलं होतं. येशू त्याच्यासाठी एक थोर विचारवंत वगैरे नव्हता. जिवंत होता. त्याच्याशी तो बोलायचा आणि त्याला भिऊनही असायचा.

मेणवलीची घंटा त्याने वाजवली नाही. कुठल्याच देवळातली वाजवली नाही. त्याचं कारणही त्याने सांगितलं होतं: "ती आता त्यांच्या देवाच्या चाकरीत आहे. मी वाजवली तर मी कुणाला हाक मारतोय, हे मला ठाऊक पाहिजे." या खेपेला मी एकटा असताना ती वाजवली. मला ठाऊक होतं मी कुणाला हाक मारतोय.

पुण्यात त्याला एक जोडणी सापडली होती, तिचा त्याला भारी आनंद. नाना पेठेत क्वार्टर गेटजवळ सिटी चर्च आहे, पुण्यातलं सगळ्यात जुनं कॅथलिक चर्च. पेशव्यांच्या लष्करात गोव्याकडचे ख्रिस्ती अधिकारी आणि शिपाई होते. त्यांच्या उपासनेसाठी सवाई माधवरावांनी १७९२ मध्ये ती जागा दिली. तेव्हा कारभारी कोण? नाना फडणवीस. म्हणजे ज्यांच्या मेणवलीत मारियेची घंटा टांगली गेली, त्यांच्याच कारभारात पुण्यात मारियेच्या चर्चला जागा मिळाली. पुण्यात माझ्याकडे उतरला की तो मिस्साला तिथेच जायचा. एकदा मला बरोबर घेऊन गेला. मिस्सा झाल्यावर बाहेर येऊन म्हणाला, "आता तुझ्या बाजूला चल." मला वाटलं शनिवारवाडा. त्याने रिक्षावाल्याला ओंकारेश्वर सांगितलं.

मुठेच्या काठी ओंकारेश्वराजवळ चिमाजी आप्पांची समाधी आहे. वसई घेतल्यावर दीड-पावणेदोन वर्षांतच, डिसेंबर १७४० मध्ये, ते गेले. वय जेमतेम तेहतीस. पुणेकर त्या रस्त्याने रोज जातात आणि समाधीकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. नोव्हेंबर महिना होता. कॅथलिकांमध्ये तो मृतांचा महिना. ज्यांच्यासाठी कुणी प्रार्थना करत नाही अशांसाठीही करायची, असा त्यांचा पाठ. वसईकर समाधीपुढे उभा राहिला, रुमाल डोक्यावर घेतला नाही, फूल वाहिलं नाही, फक्त मान खाली घालून ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं. मी विचारलं, काय म्हटलंस? "मेलेल्यांसाठी म्हणतो ते," तो म्हणाला. "यांच्यासाठी, आणि तटाखाली मेले त्या सगळ्यांसाठी. आतले आणि बाहेरचे."

मी मराठा इतिहास वाचत मोठा झालेला माणूस. वसईच्या विजयाचं वर्णन वाचताना अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. पण त्या वेढ्यात मेलेल्यांसाठी कधी हात जोडावेत, हे मला सुचलं नव्हतं. ते वसईच्या एका कॅथलिकाला सुचलं, आणि तेही चिमाजी आप्पांच्या दारात.

घंटेसाठी भीमाशंकरलाही आम्ही जुन्नरच्या तपासणीतून गेलो. पाऊस, धुकं, पायऱ्यांवर गर्दी. शनीच्या देवळीपुढे दोन खांबांमध्ये लटकलेली ती घंटा नीट पाहायलाही मिळाली नाही. शेकरू मात्र दिसली.

२०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला ९३वं साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो, नंदाखालचे. एक धर्मगुरू मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी बसतो म्हणून तेव्हा काहींनी आरडाओरडा केला होता. आम्ही दोघंही तोवर निवृत्त झालो होतो. वसईकर म्हणाला, जायचंच. फादरांची पाठ दुखत होती, तरी ते आले. वसईकर मांडवात ताठ बसून ऐकत होता. संपूर्ण बायबल मराठीत सुबोध करून देणारा माणूस आपल्या शेजारच्या गावचा, याचा त्याला जितका अभिमान होता तितका दुसऱ्या कशाचा मी पाहिला नाही. त्याची आई लहानपणी लॅटिन मिस्सा ऐकत मोठी झाली. अर्थ कळत नसे, पाठ होती. साठच्या दशकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली, आणि तिला आपण इतकी वर्षं काय म्हणत होतो ते कळलं. हे सांगताना त्याचा गळा दाटायचा. फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी गेले. तेव्हा वसईकर आजारी असूनही मातीला गेला होता. पुढच्या पावसाळ्यात तोच गेला.

त्याचं दुखणं मूत्रपिंडांचं. शेवटच्या महिन्यांत घराबाहेर पडणं बंद झालं तेव्हा फादर घरी येऊन मिस्साची भाकर, म्हणजे परमप्रसाद, देत. मी भेटायला गेलो त्या दिवशी नेमके ते यायचे होते. वहिनींनी स्टुलावर पांढरं कापड घातलं, त्यावर क्रूस आणि दोन मेणबत्त्या ठेवल्या. पाण्याचा घोटही मोजून घेणारा तो माणूस, फादर येण्याआधी उठून बसला आणि त्याने मुलीकडून केस विंचरून घेतले. स्वच्छ सदरा मागितला. कुणी मोठं माणूस घरी येणार असलं की माणूस जसा तयार होतो तसा तो तयार झाला. फादरांनी जिभेवर ठेवलेला तो पातळ तुकडा गिळल्यावर त्याने डोळे मिटले आणि पुष्कळ वेळ उघडले नाहीत. मी दारात उभा होतो. मला त्याचा देव मानता येत नाही. पण त्या खोलीत कुणीतरी आलं आहे अशा रीतीने तो बसला होता, एवढं मी सांगू शकतो.

२ नोव्हेंबरला मी निर्मळला गेलो. तो सर्व मृतांचा दिवस. नालासोपाऱ्याला उतरलो तर स्टेशनबाहेर नुसती माणसं आणि इमारती. रिक्षा सोपाऱ्याकडे निघाली. इथे अशोकाच्या काळापासूनचं बंदर, इथेच १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरून काढला. वसईकर पाहुण्याला आधी तिथे थांबवायचा. "आधी हे बघ, म्हणजे आम्ही किती नवे ते कळेल." गास ओलांडलं की इमारती विरळ होतात आणि अजून उरलेल्या वाड्या लागतात. केळी, तगर, जाई, माडाला चढलेल्या पानवेली. बावखलं दिसतात, काही बुजवलेली. ही जमीन आणि हे पाणी राखण्यासाठी हरित वसईची चळवळ झाली, त्यात फादर दिब्रिटो पुढे होते आणि वसईकर सुट्टी टाकून मोर्च्यात चालला होता.

निर्मळचं तळं आणि त्यावरचं शंकराचार्यांच्या समाधीचं देऊळ एका बाजूला, चर्च जवळच. कार्तिकातल्या यात्रेची तयारी सुरू झाली होती. त्या यात्रेत ख्रिस्ती घरांतली माणसंही जातात. उन्हात सुकवलेल्या राजेळी केळ्यांची सुकेळी तिथे विकायला येतात, आणि वसईकर दरवर्षी माझ्यासाठी एक पुडकं राखून ठेवायचा.

दफनभूमी माणसांनी भरली होती. प्रत्येक कबर धुऊनपुसून, झेंडूच्या फुलांनी मढवलेली, मेणबत्त्या पेटवलेल्या. लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या बायका कबरीच्या कडेला बसून माळ म्हणत होत्या. त्याची आई त्यांत होती. नव्वदीच्या घरातली बाई, मुलाच्या कबरीशी मांडी घालून बसलेली. तिने माझ्याकडे वर पाहिलं, हाताने बाजूची जागा दाखवली. मी बसलो. ती पुन्हा माळेकडे वळली. तिच्या हातात त्याचीच माळ होती. मणी सरकत गाठीपाशी आले तेव्हा तिचं बोट त्याच्यासारखंच थांबलं आणि पुढे गेलं.

वहिनींनी सांगितलं की याच जागेत त्याचे वडीलही आहेत. जागा कमी, माणसं जास्त, म्हणून काही वर्षांनी तीच कबर पुन्हा उघडतात आणि घरातल्या पुढच्या माणसाला तिथेच ठेवतात. मला ते ऐकून क्षणभर कसंतरी झालं. मग त्यांच्या बोलण्यातला साधेपणा ध्यानात आला. त्या पत्ता सांगावा तशा सांगत होत्या.

फादर कबरींमधून पवित्र पाणी शिंपडत गेले, मराठीत प्रार्थना झाली. सगळं आटोपल्यावर वसईकराच्या घरी ओट्यावर जेवायला बसलो. भात, बोंबलाचं कालवण, कैरीचं लोणचं. त्याचा भाचा माझ्यासमोर होता. इंजिनियरिंगला आहे. हुशार, थोडा रागीट. मी मेणवलीला जाऊन आल्याचं सांगत होतो. तो मध्येच म्हणाला, "काका, एक विचारू? त्या घंटा आमच्या आहेत. परत का नाही मागायच्या?"

ओट्यावर सगळे गप्प झाले. वहिनी म्हणाल्या, "जेव तू." पण प्रश्न रास्त होता आणि मला तो झटकून टाकायचा नव्हता. मी म्हटलं, तुझ्या मामाला मी हेच विचारलं होतं. त्याचं म्हणणं असं की, आमच्या पूर्वजांनी पाडलेल्या देवळांचे दगड कुणी परत मागितले तर आम्ही कुठून आणायचे?

"पाडली पोर्तुगिजांनी," भाचा म्हणाला. "आम्ही नाही."

"आणि घंटा नेल्या पेशव्यांच्या सरदारांनी," त्याची मामी म्हणाली. "या भाऊंनी नाही."

मुलाचं समाधान झालं नाही. ते व्हावं असं मलाही वाटलं नाही. त्याच्या वयाच्या मुलाला आपल्या गावची वस्तू आपली वाटावी, हे मला चांगलंच वाटतं. मी फक्त त्याला नावाची गोष्ट सांगितली. बाप्तिस्म्याची, तेलाची, हरवलेल्या नावांची. मामा इतक्या गावांतून काय शोधत फिरला ते सांगितलं. ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याने जेवण थांबवलं. मनोऱ्यांची, मठांची काही यादी कुठे असेल का, लिस्बनला कागद असतील का, घंटा ओतणाऱ्याची खूण घंटेवर असते का, असं एकामागून एक विचारू लागला. वसईकराला यातलं काही शोधायला वेळ मिळाला नाही. त्याच्याकडे रविवारची दुपार तेवढी असायची.

मी म्हटलं, पालीच्या बल्लाळेश्वराची घंटा त्याची पाहायची राहिली होती. दोनदा ठरलं, दोन्ही वेळा तब्येत आडवी आली. मीही पाहिलेली नाही.

"डिसेंबरात परीक्षा संपते," भाचा म्हणाला. "बाईकवर जाऊ. तुम्हाला चालेल?"

या वयात बाईक नको, एसटीने जाऊ, असं मी म्हटलं. कोणता दिवस यावर थोडी चर्चा झाली. रविवारी जायचं तर आधी मिस्साचं बघावं लागेल, असं वहिनी म्हणाल्या. त्याने फोनवर पालीजवळचं चर्च शोधून पाहिलं आणि मग म्हणाला की शनिवारी संध्याकाळची मिस्सा इथेच करू आणि पहाटे निघू.